शब्बाथशाळेतल्या मुलांना गाणं शिकवायचंय आणि त्यांच्याच हातचे पाव पण करायचेत, दोन्ही कसं जमवू?

रविवारची_ताई:

सगळ्यांना सलाम. मी नगरची, आमच्या चर्चच्या मंडळीत शब्बाथशाळा, म्हणजे रविवारचा मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते, चार वर्षं झाली आता. माझ्याकडे १६ मुलं आहेत, सगळ्यात धाकटा साडेचार वर्षांचा आणि मोठी सातवीत. पुढच्या महिन्यात आमच्याकडे कापणीचा सण आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, त्या रविवारी घरोघरचे लोक धान्य, भाज्या, नारळ, कोंबडी, घरी केलेले पदार्थ असं सगळं आणून पुढे ठेवतात आणि उपासना झाली की आवारात त्याचा लिलाव होतो, एक दुधी भोपळा सुद्धा तीनतीनदा विकला जातो कारण घेणारा परत देऊन टाकतो. यंदा पाळकसाहेब म्हणाले की मुलांनी स्वतःच्या हातचं काहीतरी आणावं, आईबापांनी विकत आणून दिलेला बिस्किटाचा पुडा नको. मला ते फार पटलं आणि मी तिथल्या तिथे बोलून बसले की मुलं पाव करतील आणि गाणं पण म्हणतील.

आता खरी अडचण सांगते. मागच्या नाताळात मी घरी पाव करून बघितले होते, दगड झाले. पीठ फुगलंच नाही, मी दूध चांगलं गरम करून त्यात यीस्ट टाकलं होतं, दोन तास वाट बघितली, मग तसेच भाजले. घरी ओटीजी म्हणजे विजेचा ओव्हन आहे, छोटा, एका वेळी १२ पाव मावतील फार तर. आणि मला निदान ८० हवेत.

गाण्याचं वेगळंच आहे. मागच्या वर्षी मी सगळ्यांना झेरॉक्स काढून दिल्या होत्या, पण निम्मी मुलं इंग्लिश मीडियमची, देवनागरी अक्षर लावत लावत वाचतात, तोवर ओळ पुढे गेलेली असते. शेवटी दोन मोठ्या मुली म्हणतात आणि बाकीचे ओठ हलवतात. आणि गाण्याचा वरचा भाग आला की किंचाळल्यासारखं होतं, मग मोठी माणसं हसतात आणि मुलं अजूनच गप्प बसतात, मला त्याचं फार वाईट वाटतं.

रविवारी माझ्याकडे फक्त साडेआठ ते साडेनऊ एवढाच वेळ असतो, मग उपासना सुरू होते. कुणी असं काही केलंय का? अगदी बारीकसारीक सांगितलं तरी चालेल.


पीठ_मीठ_पाणी:

ताई, पुण्याहून लिहितेय, मी घरून ब्रेडच्या ऑर्डरी घेते. तुमचं यीस्ट दुधातच मेलं होतं, बाकी काही चुकलं नसणार. यीस्ट म्हणजे जिवंत वस्तू आहे, ५५-६० डिग्रीच्या वर गेलं की संपलं. दूध एवढंच कोमट पाहिजे की त्यात करंगळी घालून आरामात दहा आकडे मोजता आले पाहिजेत. चटका बसला तर थांबायचं. यीस्ट जुनं असेल तर आधी अर्धी वाटी कोमट पाण्यात चमचाभर साखर घालून त्यात टाकून ठेवा, दहा मिनिटांत वर फेस आला तर जिवंत आहे, नाही आला तर ते पाकीट फेकून द्या, त्याच्या आशेवर दोन किलो मैदा घालवू नका.

माझं माप घ्या, हे मी किती वर्षं बदललेलं नाही. मैदा ५०० ग्रॅम, दूध आणि पाणी निम्मं निम्मं मिळून ३१० मिली, इन्स्टंट यीस्ट ६ ग्रॅम, साखर ३० ग्रॅम, मीठ ९ ग्रॅम, लोणी किंवा बटर ४० ग्रॅम. यात ४५ ग्रॅमचे २० गोळे होतात. तुम्हाला ८० हवेत म्हणजे याच्या चौपट, २ किलो मैदा. पण २ किलो एकदम मळू नका हातानं, खांदे जातात. तुमच्याकडे १६ मुलं आहेत ना, चार चारचे गट करा आणि प्रत्येक गटाला एक परात आणि ५०० ग्रॅमचं माप द्या. काटा घरी असेल तर आदल्या दिवशीच सगळं मोजून डब्यांत भरून ठेवा, मुलांसमोर मोजत बसलात तर त्यांचा धीर सुटतो.

बटर शेवटी घालायचं, पीठ जरा एकजीव झाल्यावर. आधी घातलं तर पिठाला तार धरायला वेळ लागतो. आणि सुरुवातीला पीठ हाताला चिकटणार, फार चिकटणार, तेव्हा मुलं सुका मैदा मागतील आणि तुम्हालाही द्यावासा वाटेल, देऊ नका. सैल पीठच हलका पाव देतं. हाताला थोडं तेल लावा आणि मळत राहा, १० ते १२ मिनिटं. झालं की नाही ते बघायला एक छोटा गोळा घेऊन दोन्ही हातांनी हळूहळू ताणा, फाटायच्या आत त्यातून उजेड दिसला पाहिजे. मुलांना हे खिडकीशी नेऊन दाखवा, त्यांना फार आवडतं.

नगरला आता थंडी असेल, त्यामुळे पहिलं फुगणं तासाभराऐवजी दीड तासही घेईल. घड्याळ बघू नका, पीठ दुप्पट झालं का ते बघा. बोट सुक्या पिठात बुडवून गोळ्यात खुपसायचं, खळगा हळूहळू भरत आला तर तयार, पटकन उसळून वर आला तर अजून वेळ द्यायचा. बंद ओव्हनमध्ये आत वाटीभर उकळतं पाणी ठेवून पातेलं ठेवलं तरी ऊब मिळते.

आता तुमच्या तासाभराचं. एका तासात पाव होत नाहीत, ते शक्यच नाही. पण फ्रिज आहे ना! शनिवारी संध्याकाळी मुलांना बोलवून मळून घ्या, डबे फ्रिजमध्ये ठेवा, रात्रभर पीठ हळूहळू फुगतं आणि चवही चांगली येते. डबा मोठा घ्या, झाकण उडालेलं मी बघितलंय. रविवारी सकाळी लवकर बाहेर काढून ठेवा आणि साडेआठला मुलांकडून गोळे वळून घ्या. थंड पिठाला दुसऱ्यांदा फुगायला तासभर किंवा थोडं जास्तच लागतं, तोवर तुमची उपासना चालू. फक्त तेव्हा भाजायला कोणीतरी माणूस मोकळा पाहिजे.


भट्टीवरचा_मुलगा:

वरच्या ताईंनी सगळं बरोबर सांगितलंय, मी फक्त भाजण्याचं बोलतो कारण आमची तीन पिढ्यांची बेकरी आहे संगमनेरला.

८० पाव १२ च्या ओटीजीत भाजायचे म्हणजे सात घाण्या, शेवटच्या घाणीचं पीठ तोवर फसफसून आंबट होणार आणि बसणार. ते करूच नका. जवळच्या बेकरीत जा. आपल्याकडे दिवाळीच्या आधी बायका डबे घेऊन नानकटाई भाजून घ्यायला यायच्या, आमच्याकडे अजून येतात, बेकरीवाल्यांना हे नवीन नाही. गोळे वळून त्यांच्याच पत्र्यांवर लावले तर सगळ्यात बरं, म्हणून आदल्या दिवशी त्यांच्याकडून चार पत्रे मागून आणा, तेल लावलेले. गोळ्यांमध्ये बोटभर जागा सोडा म्हणजे फुगल्यावर एकमेकांना चिकटतील आणि लादी होईल, कडा मऊ राहतात.

भट्टीचं असं असतं की सगळ्यात कडक आचेला पाव जातो, मग आच उतरत जाते तशी बाकीची बिस्किटं, खारी, नानकटाई. घरगुती पावात साखर आणि बटर जास्त असतं, तो कडक आचेला वरून पटकन काळा पडतो आणि आत कच्चा राहतो. म्हणून मालकाला सांगा की आमच्यात दूध साखर आहे, पावाचा पहिला माल निघाल्यावर टाका. तो समजून जाईल. आणि रविवारी सकाळी त्यांची भट्टी किती वाजता मोकळी होते ते विचारून मग तुमची वेळ ठरवा, उलटं करू नका.

घरच्या ओव्हनमध्ये करणाऱ्यांसाठी, १९० डिग्रीला आधी १० मिनिटं तापवून मग १५ ते १८ मिनिटं. भाजायच्या आधी वरून दुधाचा हात, काढल्या काढल्या बटरचा हात, आणि लगेच स्वच्छ ओलसर पंचा वरून झाकायचा. हा पंचा विसरलात तर वरची साल कडक होते. अंडं लावू नका, लिलावात घेणाऱ्यांत कोणी अंडं न खाणारं असू शकतं.


पेटीवाले_काका:

सलाम ताई. मी सोलापूरचा, आता निवृत्त आहे, पेटी वाजवतो आणि ४० वर्षं मुलांना बसवून गाणी घेतली आहेत. तुमचं पत्र वाचून राहवलं नाही.

किंचाळण्यात मुलांचा काहीच दोष नाही, पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुरावर सा धरायचा ते, चुकलेली आहे. आपल्याकडे पेटी वाजवणारा पुरुष असतो आणि तो आपल्या गळ्याला सोयीची काळी एक धरतो. मुलं त्याच्या वरच्या सप्तकात गातात. गाणं जर वरच्या सा च्याही पुढे ग, म पर्यंत चढत असेल तर लहान मुलाचा गळा तिथे पोचतच नाही, तो ओरडून पोचायचा प्रयत्न करतो. म्हणून दोन गोष्टी करा. एक, असं गाणं निवडा की ज्याची सगळी चाल सा पासून ध पर्यंतच फिरते. आणि दुसरं, पांढरी दोन मध्ये घ्या. मग साडेचार वर्षांचा असो की सातवीची, कुणालाच ताण पडत नाही. 'उपासना संगीत' या आपल्या गीतांच्या पुस्तकातली कितीतरी भजनं अशी आहेत, विशेषतः रेव्ह. नारायण वामन टिळकांची. त्यांनी अभंग, ओवी अशा आपल्याच मातीतल्या छंदांत लिहिलं, त्यामुळे त्या चाली मुलांच्या कानाला आधीपासून ओळखीच्या असतात. इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसवलेली गाणी मुलांना जड जातात कारण शब्दावरचा जोर चुकीच्या जागी पडतो, हे माझं मत आहे, कुणाचं वेगळं असू शकेल.

झेरॉक्स देऊ नका. एकाही मुलाच्या हातात कागद नको. कागद असला की मूल मान खाली घालतं, मान खाली गेली की आवाज छातीत अडकतो. तुम्ही एक ओळ म्हणा, ती त्यांनी म्हणायची, परत तुम्ही, परत ते. एका रविवारी दोनच ओळी. आणि मी एक गोष्ट करतो ती म्हणजे शेवटचं कडवं आधी शिकवतो. त्यामुळे मुलं गाताना अनोळखी भागाकडून ओळखीच्या भागाकडे जातात, शेवटाकडे आवाज वाढत जातो. नेहमी उलट होतं, पहिलं कडवं जोरात आणि शेवटचं पुटपुटल्यासारखं.

पेटी सगळ्यात शेवटी आणा. आधी नुसता तोंडानं सूर द्या आणि हातानं टाळी. पेटीच्या आवाजात कोण गातंय आणि कोण गप्प आहे हे तुम्हाला ऐकूच येत नाही.

आणि अजून एक, जे मला तुमच्या प्रश्नात दिसलं. तुम्ही गाणं वेगळं आणि पाव वेगळे असा विचार करताय. पीठ मळताना हाताची हालचाल बघा, दुमडायचं, ढकलायचं, फिरवायचं. तीन. दादरा आहे तो! सहा मात्रांचे दोन भाग, तीन आणि तीन. दादऱ्यातलं गाणं घ्या आणि मळता मळता म्हणायला लावा. १६ मुलं एका लयीत मळतील आणि लय हातात गेली की ती घशातून आपोआप नीट येते, मला तबला न आवडणारी मुलं सुद्धा अशी लयीत आलेली आठवतात, तेव्हा आम्ही शेंगा फोडत होतो.


रविवारची_ताई:

काका, मी हे वाचून परातीपाशी जाऊन करूनच बघितलं. दुमड, ढकल, फिरव. खरंच बसतं!

बेकरीत पण जाऊन आले, मालक म्हणाले साडेनऊला आणा, पत्रे घेऊन जा. पैसे घ्यायला नाही म्हणत होते, मी म्हटलं निदान लाकडाचे घ्या.

एक प्रश्न राहिला. आम्ही रोजची प्रार्थना घेतो तेव्हा मुलं म्हणतात "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे". तर परवा पहिलीतल्या एकानं विचारलं की ताई आपण तर पाव करतोय मग भाकर कशी. मी म्हटलं तेच ते, पण तो काही पटल्यासारखा दिसला नाही. त्याला काय सांगू?


वसईची_लेक:

त्याला खरं सांगा ताई, मुलांना खरं सांगितलेलं कळतं. बायबल मराठीत आलं तेव्हा आपल्या घरात रोज जे खाल्लं जायचं ते भाकर होतं, म्हणून भाकर लिहिलं. पाव हा शब्दच पोर्तुगीजांकडून आलाय. गव्हाची असो, ज्वारीची असो, रोज पोट भरतं ती भाकर. आणि बेथलेहेम या नावाचा हिब्रू अर्थच भाकरीचं घर असा आहे, हे सांगितलं की मुलांचे डोळे मोठे होतात, मी दरवर्षी बघते.

पाच भाकरी आणि दोन मासळ्यांची गोष्ट आहे ना, योहानाच्या शुभवर्तमानात त्या भाकरी जवाच्या होत्या असं स्पष्ट आहे आणि त्या एका मुलाकडे होत्या. जव म्हणजे गरिबाचं धान्य. मी आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मूठभर जव नेते आणि मुलांच्या हातावर ठेवते, गोष्ट सांगून होईपर्यंत ते धरून बसतात. तुम्ही मैद्यात थोडं जवाचं पीठ घालू शकाल का, पीठ मीठ पाणी ताई सांगतील किती चालतं ते.

आम्ही कॅथलिक, त्यामुळे आमच्याकडे मिस्सेसाठी, म्हणजे चर्चमधल्या उपासनेसाठी, जी भाकर असते ती फक्त गव्हाची आणि बिनखमिराची लागते, त्यात मुलांच्या हातचं काही चालत नाही. तुमच्याकडे प्रभुभोजनाचा, म्हणजे उपासनेत भाकर वाटून घेण्याच्या विधीचा, नियम वेगळा असेल पण मुलांना आधीच सांगून ठेवा की हे पाव सणाचे आहेत, लिलावाचे आणि वाटून खायचे, नाहीतर एखादं मूल पुढच्या प्रभुभोजनाला विचारेल की आमचा पाव कुठे गेला.

आमच्या घरी नाताळला फुगे करतात. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडच्या मूळच्या ख्रिस्ती, घरांमध्ये ठाऊक असतात, मैद्याचं खमीर आलेलं पीठ मुठीतून पिळून गोल गोल तेलात सोडायचे. पूर्वी त्यात खमिरासाठी ताडी घालायचे. आजी पीठ झाकून ठेवायची आणि आम्हाला सांगायची की आता याच्याजवळ भांडायचं नाही, पीठ ऐकतं. आम्ही खरंच दबक्या आवाजात बोलायचो.

आणि गाण्याच्या शब्दांबद्दल सांगते. माझी आजी लहानपणी लॅटिनमधली गाणी पाठ म्हणायची, एक अक्षर कळत नव्हतं. १९६२ ते ६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत झाली तेव्हा ती मोठी बाई होती, आणि ती म्हणायची की मला तेव्हा पहिल्यांदा कळलं मी इतकी वर्षं काय म्हणत होते. मी मुलांना गाणं शिकवताना हे विसरत नाही. अन्नदाता, सुगी, कृपा, ओंजळ, असा एकेक शब्द आधी गप्पांमध्ये आणायचा. सुगी म्हणजे काय हे शहरातल्या मुलाला माहीतच नसतं. शब्द कळला नाही तर ते मूल ओठच हलवणार.


पीठ_मीठ_पाणी:

जवाचं पीठ ५०० मध्ये ५० ते ७५ ग्रॅम, म्हणजे तेवढा मैदा कमी करायचा. त्याच्यापेक्षा जास्त नको, जवाला मैद्यासारखी तार नसते, पाव बसका होतो. आणि ते पाणी जास्त पितं म्हणून प्रत्येक गटाला दोन चमचे पाणी वाढवा. चव छान येते, थोडी मातकट गोडसर. मी याच आठवड्यात करून बघितली मुद्दाम.

एक राहिलं होतं. गोळे वळताना मुलं पोळीच्या उंड्यासारखे दोन तळव्यांत फिरवतात, त्यानं वर सुरकुत्या राहतात. कडा खालच्या बाजूला ओढून घ्यायच्या आणि मग ओट्यावर पंजाचा पिंजरा करून गोल फिरवायचं, वरची बाजू तुकतुकीत ताणलेली दिसली पाहिजे. साडेचार वर्षांच्याकडून ते होणार नाही, त्याचा पाव वेडावाकडा होऊ दे, तो वेगळा काढू नका.


जात्यावरची:

मी राहुरीकडची. सगळं वाचत होते, काकांनी मळण्याच्या लयीचं लिहिलं आणि मला माझी आजी आठवली. ती पहाटे जात्यावर बसायची तेव्हा शास्त्रातल्या गोष्टी ओवीत म्हणायची, तिला लिहिता वाचता येत नव्हतं, जे रविवारी ऐकलं ते सोमवारी जात्यावर. आपल्या बायकांनी पिठाबरोबर गाणं कायमच ठेवलेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पोॲतवँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातल्या कितीतरी नेटवर ऐकायला मिळतात. एकदा त्यातल्या दोनतीन मुलांना ऐकवा, बाई दळतेय आणि जात्याची घरघर मागे येतेय, त्यांना लगेच कळेल आपण काय करतोय.

आजीच्या ओव्या कुणी उतरवून घेतल्या नाहीत, मी सुद्धा नाही, ते मला अजून लागतं. पण तुमच्या मुलांसाठी मी कालपासून काहीतरी जुळवतेय. आवडलं तर घ्या, शब्द बदलले तरी हरकत नाही.

पहिली माझी ओवी, रानातल्या गव्हाला
देवानं दिली थंडी, दाणा भरला ओंबीला

दुसरी माझी ओवी, परातीच्या पिठाला
दहा हात लागले गं, एका गोळ्याला

तिसरी माझी ओवी, झाकलेल्या कणकेला
आत काय चाललंय ते, ठाऊक देवाला

चौथी माझी ओवी, भाजलेल्या पावाला
अर्धा माझ्या हाती, अर्धा शेजाऱ्याला

ओवीचा एक फायदा असा की मुलांना पुढची स्वतः जोडता येते. पाचवी माझी ओवी कुणाला ते त्यांनाच विचारा.


पेटीवाले_काका:

बाई, तिसरी ओवी वाचून मी थांबलो. फार चांगली आहे. तिथे मुलांना आवाज अगदी बारीक करायला सांगा, वसईच्या ताईंच्या आजीनं सांगितलं तसं, पीठ ऐकतंय म्हणून. आणि चौथीला पूर्ण आवाज. अशानं त्यांना लहान मोठा आवाज म्हणजे काय ते न शिकवता येईल.

चाल नेहमीच्या जात्यावरच्या ओवीचीच ठेवा, चार पाच सुरांत फिरते, कुणालाच उंच जात नाही.


रविवारची_ताई:

सण काल झाला. जसं झालं तसं लिहिते.

शनिवारी चारला मुलं आली. नखं कापून यायला सांगितलं होतं, तरी तिघांची तिथेच कापली. चार पराती, चार गट, प्रत्येक गटात एक मोठं मूल. काही आया पण थांबल्या, त्यांना मी मागे बसवलं कारण त्या मुलांच्या हातातून पीठ काढून घ्यायला बघत होत्या. पहिली पाच मिनिटं नुसता चिकचिकाट, एकजण रडवेला झाला, बोटं वेगळी होईनात. मग मी ओवी सुरू केली. दुमड ढकल फिरव, पहिली माझी ओवी. तिसऱ्या खेपेला सगळी मुलं म्हणत होती, कागद नाही काही नाही, आणि ओठ हलवणारं कुणी नव्हतं कारण पीठ ढकलताना श्वास सोडावाच लागतो आणि त्याबरोबर आवाज येतो. चार ओव्या म्हणायला मिनिट दीड मिनिट लागत होतं, आठ वेळा म्हटल्या आणि पीठ तयार. मी घड्याळ बघितलंच नाही. खिडकीशी नेऊन उजेड दाखवला तेव्हा तो पहिलीतला म्हणाला ताई यातून कावळा दिसतोय, बाहेर खरंच तारेवर कावळा होता.

फ्रिजमध्ये चार डबे मावेनात, दोन शेजारी ठेवले. रविवारी सहाला काढले. साडेआठला वळले. साडेनऊला एका मुलाचे वडील पत्रे रिक्षात मांडीवर घेऊन बेकरीत गेले आणि उपदेश चालू असतानाच परत आले. भाजलेल्या पावाचा वास दारातून आत आला तशी सगळी मंडळी मागे वळून बघायला लागली, पाळकसाहेब पण क्षणभर थांबले.

७८ झाले, ८० नाही, दोन गोळे कच्चे कुणीतरी खाल्ले असावेत. मऊ होते. जवाचं पीठ ६० ग्रॅम घातलं होतं प्रत्येक गटाला. चार पाव एकत्र असे पुडे बांधून लिलावाला ठेवले, पहिला पुडा एका आजोबांनी ३५० ला घेतला आणि परत दिला, तो नंतर दोनदा विकला गेला. वेडेवाकडे दहा मी मुद्दाम ठेवून घेतले होते ते मुलांनी तिथेच मोडून खाल्ले, अर्धा अर्धा, ओवीत म्हटलंय म्हणून हट्टानं अर्धाच.

पांढरी दोन घेतली होती काका. पेटीवाल्या दादांना आधी पटत नव्हतं, म्हणाले माझा हात बसलेला नाही, पण त्यांनी केलं. कुणी किंचाळलं नाही. तिसऱ्या ओवीला मुलांनी इतका बारीक आवाज केला की मागच्या बाकावरच्यांना ऐकूच आलं नसेल, पण सगळे गप्प बसून होते.

पाचवी ओवी मुलांनी आपणच जोडली, बेकरीवाल्या चाचांना. ते दारात उभे होते, पत्रे परत न्यायला आले होते. ती अशी,

पाचवी माझी ओवी, भट्टीच्या जाळाला
चाचांनी भाजला पाव, काळा नाही झाला

आता काका एक विचारायचंय. पाचवीला सगळे इतके खूष होते की लय पळाली, शेवटी जवळजवळ दुप्पट झाली. नाताळाला परत म्हणायची आहे, पीठ हातात नसेल तेव्हा. तेव्हा लय कशी धरून ठेवू?


पेटीवाले_काका:

रिकाम्या हातांनी तेच करू द्या ना ताई. उभं राहून मांडीपुढे दुमड ढकल फिरव. हात पळाले नाहीत तर गाणं पळणार नाही. आणि तुमच्या पेटीवाल्या दादांना माझा सलाम सांगा, बसलेला हात मोडून दुसरी पट्टी धरायला या वयात जड जातं, मला माहीत आहे.


जात्यावरची:

"काळा नाही झाला" ही ओळ वहीत उतरवून ठेवा ताई. आणि खाली त्या मुलांची नावं आणि तारीख लिहा.


रविवारची_ताई:

लिहिली. काल रात्रीच. सोळाही नावं.